गुंजची साखर

"मला काकू म्हणू नकोस. मी कुणाच्याही काकाची बायको नाही."

मयूर विहारच्या त्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडल्या उघडल्या त्यांनी मला ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. माझ्या हातात दोन बॅगा होत्या, पाठीवर पुस्तकं होती, आणि सेलूहून निघाल्यापासून मी धड झोपले नव्हते. मग काय म्हणू, असं मी विचारलं. त्यांनी थोडा विचार केला.

"आत्या म्हण. आत्या व्हायला लग्न करावं लागत नाही."

त्या वेळी मी यूपीएससीचा अभ्यास करायला दिल्लीत आले होते. क्लास करोल बागेकडे, पण तिथल्या कोंदट खोल्यांचं भाडं परवडेना. वडिलांच्या ओळखीतून आत्यांच्या फ्लॅटमधली मागची खोली मिळाली. आत्या वजनमापांच्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या. मूळच्या कराडच्या, तेविसाव्या वर्षी नोकरीसाठी दिल्लीला आल्या, जन्मभर आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिल्या, आणि निवृत्तीनंतर या दोन खोल्यांत. घरात त्या आणि एक मांजर.

सोसायटीच्या फाटकाशी येणारे भाजीवाले त्यांना ‘तराजूवाली मैडम’ म्हणत. त्यांच्या पर्समध्ये पितळेचं दोनशे ग्रॅमचं एक वजन असे. मटार घेण्याआधी ते वजन त्या मुकाट्यानं भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवत, आकडा बघत, आणि मगच भाव विचारत. काट्यावर दोनशे सहा दिसले की म्हणत, "भैया, ये छह ग्राम किसके हैं?" भाजीवाला हसायचा, पण दुसऱ्या दिवशी काटा दुरुस्त करून आणायचा. शिंप्याकडे जाताना स्वतःची टेप नेत. दुधाची पिशवी आली की तिचं वजन करत. मेट्रोच्या स्टेशनवरचं घड्याळ आणि त्यांचं मनगटावरचं घड्याळ यांत फरक दिसला, तर कोणाचं चुकतंय हे ठरेपर्यंत त्यांचा जीव खाली पडत नसे.

मी एकदा आनंदानं सांगितलं, की सराव परीक्षेत मला एकशे बारा गुण मिळाले. त्या ओट्याशी उभ्या राहून जेवत होत्या. त्या नेहमी उभ्यानंच जेवत. "कुणी मोजले, कशानं मोजले, किती वेळा मोजले?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, एकदाच परीक्षा झाली. "मग ते गुण नव्हेत," त्या म्हणाल्या, "ती बातमी आहे."

एका जागी बसणं त्यांना जमत नसे. खुर्च्या पाहुण्यांसाठी. मेट्रोत ज्येष्ठांची जागा कुणी उठून दिली, तरी दांडा धरून उभ्या. सकाळी दहाला घराबाहेर पडायच्या, कधी आर. के. पुरमच्या जुन्या शेजारणीकडे, कधी नुसतंच एखाद्या लाइनच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत. विचारलं तर म्हणत, "घरात माझे पाय दुखतात." त्या हिवाळ्यात माझी मुख्य परीक्षा होऊन गेली होती आणि निकाल यायचा होता. मीसुद्धा पुस्तक उघडायची, मिटायची, खिडकीशी जायची, परत यायची. एका छोट्या घरात दोन बायका येरझाऱ्या घालत असत आणि मधोमध, सतरंजीवर, मांजर शांत झोपलेलं असे.

मांजरीचं नाव गुंज. पाच वर्षांपूर्वी जिन्याखालच्या मीटरच्या पेटीमागे ती आत्यांना सापडली, तेव्हा ती इतकी लहान होती, की सोनाराकडे सोनं तोलायला जी लाल-काळी बी वापरत, तिचं नाव त्यांनी तिला दिलं. सोसायटीतल्या मुलांना तो शब्द माहीत नव्हता. वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब होतं, त्यांची मुलंही तिला ‘गूँज’ म्हणून हाक मारत. आत्या न कंटाळता दर वेळी दुरुस्ती करत. "गूँज नहीं, गुंज. वज़न है वो, आवाज़ नहीं." गुंज मात्र वाढून सहा किलोंची झाली होती. दर रविवारी तिचं वजन होऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं जाई. तिच्या पाण्याच्या वाटीत रोज सकाळी काचेच्या नळीनं मोजून पाणी घातलं जाई आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजून ओतलं जाई. मला हे वेड वाटायचं. पण या वेडामुळेच गुंजचं दुखणं इतरांच्या मानानं फार लवकर कळलं.

"ही पाणी जास्त पितेय," नोव्हेंबरातल्या एका सकाळी आत्या म्हणाल्या. "दीडशे मिलीलीटर प्यायची. काल साडेतीनशे प्यायली."

लोकांचे स्वेटर बाहेर निघाले होते. इतक्या थंडीत मांजर एवढं पाणी कशाला पिईल? शिवाय तिच्या मातीच्या ट्रेमध्ये ओले गोळे दुप्पट झाले होते. आत्यांनी सलग चार दिवस मोजलं, आणि पाचव्या दिवशी आम्ही गुंजला वेताच्या टोपलीत घालून, वर ओढणी बांधून, ऑटोनं जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे बाकावर दोन मोठे कुत्रे होते आणि ते भुंकायचे थांबेनात. गुंज टोपलीच्या तळाशी चिकटून थरथरत होती. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. तिनं रक्त घेतलं, तेव्हा गुंजनं असा आवाज काढला, की कुत्रेसुद्धा गप्प झाले. बोलणं सगळं हिंदीत झालं, मी ते बरंचसं मराठीत सांगते.

"आंटी, साखर तीनशे सव्वीस आहे," डॉक्टर म्हणाली. "डायबिटीस असू शकतो. पण आज पक्कं सांगता येणार नाही. मांजरांची साखर नुसत्या भीतीनंसुद्धा एवढी वाढते."

आत्यांचे डोळे चमकले. "म्हणजे मोजमापानंच माप बदलतं."

"हो, तसंच. म्हणून दुसरी एक तपासणी असते, फ्रुक्टोसामीन. त्यात मागच्या दोनतीन आठवड्यांची सरासरी कळते. घटकाभराच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही. नमुना बाहेरच्या लॅबला पाठवावा लागेल. लघवी तपासू. लिव्हर, किडनी, आणि एक सोनोग्राफी." तिनं कागदावर एकाखाली एक रक्कम लिहून दिली. बेरीज नऊ हजार चारशे.

"बाहेरची लॅब कुठली? यंत्र कुठलं? ते शेवटचं कधी तपासलंय?"

डॉक्टरला असल्या प्रश्नांची सवय नसावी. "आंटी, चांगली लॅब आहे."

"आधी मी घरी मोजते. ती घाबरलेली नसताना."

"जरूर मोजा, चांगलंच आहे. पण ही तपासणी आजच पाठवू. रक्त घेतलेलंच आहे."

आत्यांनी कागदाची घडी घातली, ती पर्समध्ये ठेवली, आजच्या तपासणीचे पैसे दिले आणि टोपली उचलली. मी डॉक्टरकडे पाहिलं. तिनं मला हळूच सांगितलं, "जास्त दिवस घालवू नका."

हे वाक्य फक्त मी ऐकलं होतं. ते मी ऑटोत आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जास्त म्हणजे किती?"

पुढचे दिवस आम्ही दिल्लीभर फिरत होतो असंच मला आठवतं. सरकारी नोकरीत कुठलीही खरेदी करताना तीन कोटेशनं लागत, तशी त्यांना तपासणीचीही तीन हवी होती. एक दिवस नोएडा. एक दिवस गुरुग्रामचा काचेचा दवाखाना, जिथे मांजरांना कुत्र्यांपासून वेगळी बसायची जागा होती. आत्यांना ते फार आवडलं, पण तिथली रक्कम ऐकून त्या दारातूनच वळल्या. एक दिवस सरकारी पशुरुग्णालय, तिथे एवढी रांग, की दुपार झाली तरी आमचा नंबर नाही. गुंज या सगळ्यात घरीच असे. आम्ही फक्त यंत्र कुठलं, नमुना किती तासांत पोचतो, किती अंशांवर ठेवतात, हे विचारत फिरत होतो. आत्यांनी एक मोठा तक्ता तयार केला. मला वाटतं, पैशांचं त्यांना निमित्त होतं. पेन्शन चांगली होती. एखादा आकडा आपल्या मुठीत न येता कुणीतरी अनोळखी माणसानं, न पाहिलेल्या यंत्रावर काढायचा, हेच त्यांना सोसत नव्हतं.

घरी त्यांनी केमिस्टकडून माणसांचं साखर मोजायचं यंत्र आणलं. मी गुंजला टॉवेलात गुंडाळून धरायची, त्या तिच्या कानाची कड टोचून थेंब काढायच्या. पहिल्या यंत्रावर दोनशे एकाहत्तर. त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर दोनशे अडतीस. तिसरं आणलं. त्यावर दोनशे शहाण्णव.

"बघितलंस? तीन यंत्रं, तीन आकडे."

"आत्या, पण तिन्ही जास्तच आहेत ना?"

"किती जास्त, ते कुठे ठरलंय? आणि कान टोचताना ती घाबरतेच आहे की."

त्यांच्या बोलण्यात उत्तराला जागाच नसायची. प्रत्येक वाक्य आपापल्या जागी बरोबर होतं. मी खोलीत जाऊन पुस्तक उघडायची आणि बाहेर त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत बसायची. स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते स्वयंपाकघर.

मग मला गुंजचे मागचे पाय दिसले. मांजर बोटांवर चालतं. गुंज मागच्या टाचा जमिनीला टेकवून, जुन्या सपाता घातल्यासारखी चालत होती. मी फोनवर शोधलं. साखर खूप दिवस जास्त राहिली की नसा दुखावतात आणि मांजर असं चालायला लागतं, असं तिथे लिहिलं होतं. हे मी आत्यांना दोन दिवस सांगितलं नाही. कारण सांगायला लाज वाटते. भाडं कमी होतं, निकाल यायचा होता, आणि या क्षणी खोली बदलायला लागली तर काय, या भीतीनं माझी जीभ आत गेली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धीर करून सांगितलं.

"तुला डॉक्टर व्हायचंय की कलेक्टर?" आत्या कडाडल्या.

"मला काहीच होता येत नाहीये," मी म्हणाले, आणि माझा आवाज नको तेवढा चढला. "यंत्रांचं सोडा. कॅलेंडरवर तुमच्याच काट्यानं घेतलेलं वजन लिहिलंय. सहा किलो शंभर होती. परवा पाच तीनशे. तो काटा तरी खरा आहे ना?"

आत्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पाहुण्यांची खुर्ची ओढली आणि बसल्या. वर्षभरात मी त्यांना घरात बसलेलं प्रथमच पाहत होते.

"उद्या जाऊ," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीतलं पाणी जसंच्या तसं होतं. गुंज न्हाणीघराच्या थंड फरशीवर आडवी पडली होती, तोंडाशी फेसाळ उलटी. तिच्या श्वासाला काहीतरी गोडूस, औषधी वास येत होता. आत्यांनी तिला टोपलीत ठेवलंच नाही. शालीत घेऊन, चपला न बदलता, त्या जिना उतरल्या. मी पर्स घेऊन मागे धावले. आम्ही त्याच पहिल्या दवाखान्यात गेलो.

तरुण डॉक्टरनं आम्हाला ओळखलं. तिनं गुंजला शालीसकट आत नेलं. अर्ध्या तासानं बाहेर येऊन तिनं सांगितलं, की डायबिटीस आहे यात आता शंका नाही. शरीराला साखर वापरता येत नाही म्हणून ते चरबी जाळत सुटलंय आणि त्यातून रक्तात आम्ल साचलंय. सलाइन, इन्सुलिन, दर काही तासांनी रक्त. चार दिवस तरी ठेवावं लागेल.

"वाचेल?" आत्यांनी विचारलं.

"प्रयत्न करतोय, आंटी."

"शंभरात किती? आकडा सांगा."

"आकडा नाही माझ्याकडे."

"मग दुसरा सांगा. तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हापासून आजवर किती दिवस झाले?"

डॉक्टर म्हणाली, "मोजून काय होणार आता?"

"मला हवाय."

तिनं कॉम्प्युटरवर पाहिलं. "एकोणीस."

आत्यांनी मान हलवली, एखादी पावती मिळावी तशी. मग त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि चार दिवस, दवाखाना उघडल्यापासून बंद होईपर्यंत, त्या तशाच उभ्या असायच्या. मी डबा नेऊन देत असे. बाकावरचे कुत्रेवाले उठून जागा देत, त्या नको म्हणत.

तिसऱ्या दिवशी दुपारी, मी काही विचारलेलं नसताना, त्यांनी मला फरीदाबादची गोष्ट सांगितली.

नोकरीला लागून पाचसहा वर्षं झाली होती. फरीदाबादच्या जुन्या बाजारात तपासणीचं पथक गेलं होतं, त्यात आत्या होत्या. धान्याच्या एका दुकानात त्यांनी दुकानदाराचं पाच किलोचं लोखंडी वजन आपल्याजवळच्या सरकारी वजनाशी ताडून पाहिलं. दुकानदाराचं कमी भरलं. तो तरुण होता, हात जोडून सांगत होता की माझी वजनं खरी आहेत, पुन्हा बघा. भर बाजार जमला होता. आत्यांनी पुन्हा पाहिलं नाही. वजनं जप्त केली, दंड केला. पुढे काही महिन्यांनी आत्यांजवळच्या वजनांची वार्षिक तपासणी झाली, तेव्हा त्यांच्याच पाच किलोच्या वजनात, माप जुळवायला तळाशी ठेवलेल्या भोकात, शिसं जास्त भरलेलं निघालं. खोटं वजन त्यांचं होतं. त्या एकट्याच बसनं फरीदाबादला गेल्या. दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, तो सगळं आवरून गेला.

"एकदा मोजून मी एका माणसाचं दुकान बंद पाडलं," आत्या म्हणाल्या. "तेव्हापासून मी एका आकड्यावर कधी काही केलं नाही. कधीच नाही." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "आणि आता हिला मारलं."

"ती जिवंत आहे, आत्या."

"आत्ता आहे."

चौथ्या दिवशी गुंजनं स्वतःहून डोकं उचललं आणि चिमूटभर चिकन खाल्लं. आणखी दोन दिवसांनी आम्ही तिला घरी आणलं. बिल मोठं होतं, आत्यांना एक ठेव मोडावी लागली. रिसेप्शनवरच्या माणसानं यादी वाचून दाखवायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, "रहने दीजिए," आणि न वाचता सही केली.

गुंज पुढे दोन वर्षं जगली. माझा निकाल ती दवाखान्यातून घरी आली त्याच महिन्यात लागला. यादीत मी नव्हते. दुसऱ्या वर्षीही नव्हते, आणि मग मी राज्याच्या परीक्षेतून नोकरी धरली आणि दिल्ली सोडली. पण ते सगळं नंतरचं. त्या हिवाळ्यात आमचं घर सकाळी सात आणि संध्याकाळी सात या दोन खुंट्यांना बांधलं गेलं होतं, कारण बारा बारा तासांनी इन्सुलिन द्यावं लागे. सुई केसासारखी बारीक, औषध जेमतेम दोन रेघा. आत्यांचा हात थोडा थरथरायचा. पहिल्या दिवशी त्यांनी सिरिंज भरली आणि मला दाखवली. मी म्हणाले, अर्धी रेघ जास्त आहे. त्यांनी पुन्हा भरली, पुन्हा जास्त. मग त्यांनी सिरिंज माझ्या हातात दिली, गुंजच्या मानेची सैल कातडी चिमटीत धरली आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, "तू भर. मी तपासणार नाही."

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळचं इंजेक्शन झाल्यावर त्या म्हणाल्या, "फरीदाबादला येतेस?"

इतक्या वर्षांनी तिथे काय सापडणार, असं मी म्हणाले नाही. मंडी हाउसला मेट्रो बदलून आम्ही गेलो. धुकं होतं, गाडी भरलेली होती. आत्या दारातल्या दांड्याला धरून उभ्या होत्या आणि प्रत्येक स्टेशनावर उतरू की नको अशा पुढे सरकत होत्या.

जुना बाजार त्यांनी लगेच ओळखला, दुकान ओळखलं नाही. तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. त्यांनी आजूबाजूला विचारायला सुरुवात केली. तिसऱ्या दुकानात एका म्हाताऱ्या कापडवाल्यानं सांगितलं, "धान्यवाले लाला? ते मागच्या गल्लीत असतात. मुलाचं हार्डवेअरचं दुकान आहे." आत्यांचा चेहरा उतरला. ते हयात नसतील असंच त्या धरून चालल्या होत्या, असं मला वाटतं.

हार्डवेअरच्या दुकानात, खिळ्यांच्या डब्यांमागे, मफलर गुंडाळलेला एक म्हातारा माणूस खुर्चीत बसला होता. मुलगा गिऱ्हाइकाला नळ दाखवत होता. आत्या काउंटरसमोर उभ्या राहिल्या आणि कार्यालयात बोलावं तशा ताठ आवाजात त्यांनी आपलं जुनं पद सांगितलं, वजन जप्त केल्याचं सांगितलं, शिशाचं सांगितलं. "तुमचं दुकान माझ्यामुळे बंद पडलं," त्या म्हणाल्या. "मी माफी मागायला आले."

लाला त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग हसले. "मॅडम, दुकान तुमच्यामुळे कुठे बंद पडलं? माझी आणि भावाची वाटणी झाली. जागा त्याच्या वाट्याला गेली, मी इकडे आलो. तुम्ही आलात, त्याच्या आधीच ठरलं होतं ते. दंड भरला तेव्हा वाईट वाटलं होतं, खरं आहे. पण तेवढ्यानं दुकानं बंद पडतात का?"

आत्यांनी काउंटरची कड धरली होती.

लाला थोडे पुढे वाकले. "पण तुम्ही मघाशी काय म्हणालात? माझी वजनं बरोबर होती?"

"हो. खोटं माझं होतं."

"नक्की?"

"नक्की. आमच्या प्रयोगशाळेत निघालं."

म्हातारा उठायला लागला. मुलगा धावत आला. "सुन," लाला त्याला म्हणाले, "मेरे बाट सही थे!" मुलाला काही कळलं नाही. मग लाला आत्यांकडे वळले, आणि आता ते हसत नव्हते. "माझे वडील त्या दिवशी गल्ल्यावर बसले होते. भर बाजारात त्यांनी मान खाली घातली. त्यानंतर चार वर्षं जगले. मला म्हणायचे, तू कमी तोलत होतास. मी म्हणायचो, नाही. पण सरकारी बाईनं मोजून दाखवलेलं, कोण माझं ऐकणार? जाईपर्यंत तेच म्हणत होते."

मुलानं त्यांना धरून परत खुर्चीत बसवलं.

"मॅडम," लाला म्हणाले, "लिहून द्याल?"

मुलानं बिलबुकाचा एक कोरा कागद फाडून दिला. आत्यांनी चष्मा लावला. हिंदीत, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत त्यांनी लिहिलं, की अमुक दुकानाची वजनं अचूक होती आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं वजन सदोष होतं. खाली पूर्ण नाव, तेव्हाचं पद, आजची तारीख. सही स्पष्ट आली. लालांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचला, घडी केली आणि स्वेटरच्या आत, छातीशी ठेवला. आम्हाला चहा घ्यायला लावला. निघताना त्यांनी हात जोडले. आत्यांनीही जोडले, आणि बराच वेळ सोडले नाहीत.

गल्लीच्या टोकाशी आल्यावर मला राहवेना. "बघा ना, आत्या," मी म्हणाले, "इतकी वर्षं उगाच मनाला लावून घेतलंत. दुकान तुमच्यामुळे बंद पडलंच नव्हतं."

"हो," आत्या म्हणाल्या. "दुकान नाही."

त्या रस्त्याच्या मधोमध थांबल्या होत्या, माणसं आणि सायकली त्यांना वळसा घालून जात होत्या. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेपाच वाजत आले होते.

"चल लवकर. सातला तिचं इंजेक्शन आहे."

आणि त्या इतक्या भरभर चालू लागल्या, की स्टेशन येईपर्यंत मला त्यांच्या मागून जवळजवळ पळावंच लागलं.